मालवणच्या घरात रात्री आरसीसीबी पडतो, इलेक्ट्रिशियन नागपूरहून न्यावा की तिथलाच बघावा?

प्रतापनगरची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही राहतो नागपुरात पण सासरचं मूळ घर मालवणला, समुद्र दारात नाही पण रात्री गाज ऐकू येते इतका जवळ. चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणीघर आणि विहीर. सासूबाई एकट्याच असतात तिथे. नागपूरला चला म्हटलं की आधी मे महिन्याचं नाव काढतात आणि विषय संपतो.

२०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माड सर्व्हिस वायरवर पडला होता, त्यानंतर घरातलं वायरिंग नवीन करून घेतलं, आत केसिंग पट्टी आणि न्हाणीकडे थोडं भिंतीतून. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच, तो पण तेव्हाच बसवला. आता होतं असं की पाऊस लागला की हा आरसीसीबी पडायला लागतो, दिवसा बहुतेक ठीक असतं, रात्री नाहीतर पहाटे पडतो आणि अख्खं घर अंधारात, फ्रीज बंद, पंखा बंद, मग सासूबाई टॉर्च तोंडात धरून स्टुलावर चढतात आणि वर करतात. वय ७२. ऐकूनच पोटात गोळा येतो.

तिथल्या एकाला बोलावलं तर त्याने दहा मिनिटं बघून सांगितलं की समुद्राकाठी हे असलं टिकतच नाही, गावात सगळ्यांनी काढून टाकलंय, मी डायरेक्ट करून देतो, म्हणजे तो काढून लाइन सरळ जोडून देतो. सासूबाईंनी हो म्हणायच्या आधी आम्हाला फोन केला म्हणून थांबलं. दुसरा एक जण येतो येतो करतोय पण गणपती तोंडावर आलेत, त्याला वेळ नाही. इकडे आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन, अगदी घरच्यासारखा, म्हणतो मॅडम तिकीट काढा मी येतो तुमच्यासोबत, दोन दिवसात सगळं करून देतो. आम्ही चतुर्थीला जाणारच आहोत तर घेऊन जावं का त्याला? आणि तोवर सासूबाईंनी काय करावं? डायरेक्ट करून टाकलं तर खरंच इतकं धोक्याचं आहे का, की आम्हीच घाबरतोय?

बाप्या_बजाजनगर

ताई डायरेक्ट अजिबात करू देऊ नका. इथं आपल्याकडं दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, लोखंडी बॉडी, खाली ओली फरशी, अर्थिंगचा पत्ता नाही आणि बोर्डात आरसीसीबी नाही, पेपरात वाचून राहिलो ना आपण दरवर्षी. तुमच्याकडं तर न्हाणीघर, विहीर, पाऊस सगळंच ओलं.

बाकी इलेक्ट्रिशियनचं म्हणाल तर मी म्हणतो घेऊन जा तुमचा माणूस. भरवशाचा माणूस मिळून नाही राहिला कुठंच, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. तिथं कोण कसा निघेल काय माहीत, एक तर डायरेक्ट करा म्हणूनच राहिला.

तारतंत्री_विदर्भ

मी आयटीआय वीजतंत्री, तारतंत्री परवाना आहे, काम नागपुरात पण मधे काही वर्षं रत्नागिरीकडे साइटवर होतो म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

आधी हे समजून घ्या की एमसीबी आणि आरसीसीबी वेगळं काम करतात. एमसीबी पडतो ओव्हरलोड नाहीतर शॉर्ट झाला की. आरसीसीबीला लोडशी घेणं नाही, तो फक्त फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का ते बघतो, कमी आला म्हणजे कुठेतरी जमिनीत, भिंतीत नाहीतर माणसाच्या अंगातून जातोय. घरचा असेल तर ३० मिलिअँपिअरचा असतो आणि पडायला पूर्ण ३० लागत नाहीत, १५ ते ३० च्या मधे कुठेही पडू शकतो. म्हणजे तो पडतोय तर १५ च्या वर काहीतरी जमिनीत जातंय हे नक्की धरा. डायरेक्ट केल्याने ते जाणं थांबत नाही, फक्त सांगणारा कोणी उरत नाही. आणि एक, कोणी तुम्हाला ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा लावून देतो म्हणाला तर तोही नको. ३०० वाला आग लागू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला ३० च लागतो.

आता रात्रीच का. खारी हवा बोर्डात, होल्डरमध्ये, जॉइंटवर मिठाचा पातळ थर बसवते. कोरडं मीठ करंट नेत नाही, पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं आणि ओलं मीठ चांगला करंट नेतं. पावसाळ्यात तिकडे आर्द्रता तशीही जास्तच, रात्री गारवा आला की आणखी वाढते. दिवसा पाऊस उघडला, वारा लागला की थर थोडा सुकतो आणि सगळं ठीक वाटतं. दुसरं कारण साधं आहे, बाहेरचे दिवे रात्रीच लावतात. पडवीतला आणि मागच्या दाराचा दिवा कसा आहे, होल्डर उघडा आहे का, कौलाच्या पागोळ्या त्यावर पडतात का ते बघायला सांगा.

शोधायचं असं. रात्री पडला की सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं, ज्याने पडेल ती लाइन. पण रोजच्या धांदलीत इथेच बरेच इलेक्ट्रिशियन फसतात, कारण घरात साधारण सिंगल पोल एमसीबी असतात आणि ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकला असेल तर त्या लाइनचा एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडतो. मग माणूस म्हणतो मशीनच खराब आहे, काढून टाका. तसं दिसलं तर डीबीमधल्या (एमसीबी असतात तो मेन बोर्ड) न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेली पट्टी) एकेक न्यूट्रल सोडवून बघावा लागतो, ते काम सासूबाईंचं नाही आणि शेजारच्यांचंही नाही, जाणकारानेच करायचं.

आणि जो कोणी येईल त्याच्याकडे मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, पाहिजे. टेस्टर आणि टेस्ट लॅम्पने हा फॉल्ट सापडत नाही. सगळी उपकरणं, एलईडी दिवे काढून ५०० व्होल्ट डीसीने लाइन आणि अर्थमध्ये मोजलं की निदान १ मेगओहम यायला पाहिजे. ओल्या दिवशी मोजा, डिसेंबरात मोजून काही कळणार नाही.

घरात इन्व्हर्टर आहे का ते पण सांगा. इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकत्र केला असेल तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, ही चूक आपल्याकडे नागपुरात पण घरोघर आहे.

प्रतापनगरची_सून

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार दादा. इन्व्हर्टर नाही, इन्व्हर्टर बल्ब आहेत दोन. मागच्या दाराचा दिवा उघड्या होल्डरमध्येच आहे आणि हो, पागोळी तिथेच पडते. शेजारचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याला सांगते आज रात्री बघायला.

कुडाळवाला_मिहान

मी मूळचा कुडाळचा, नोकरीसाठी नागपुरात. बाप्याभाऊ, तुमचं मत पटलं नाही.

ताई तुमचा नागपूरचा माणूस चांगला असेल, माझी ना नाही, पण त्याचा हात कोरड्या हवेत बसलेला आहे. आपल्याकडे भिंतीत लोखंडी बॉक्स, साधे लोखंडी स्क्रू, खिडकीबाहेर कूलरसाठी उघडा सॉकेट हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. मालवणात तेच लोखंडी बॉक्स दोन-तीन पावसाळ्यात पापुद्रे सुटून गळतात, स्क्रू फिरत नाही, ड्रिल करून काढावा लागतो. तिकडे पीव्हीसी बॉक्स, स्टेनलेसचे स्क्रू, बाहेर लावाल ते सगळं आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाणारं) नाहीतर त्याच्या वरचं, आणि केबल बॉक्समध्ये खालून घालायची, वरून घातली की पाणी केबल धरून आत उतरतं. तांब्याची वायर टोकाला हिरवी-काळी पडते, तेवढा भाग कापून नवीन टोक काढून टिन केलेले लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपणं) लावायचे. हे काम रोज करणारा माणूस तिकडेच आहे, फक्त तो गणपतीच्या आधी मिळत नाही इतकंच.

हे नागपूरकरांना सांगायलाच हवं. चतुर्थीच्या आधी मुंबईचे चाकरमानी गावी येतात, वर्षभर बंद असलेली घरं एकदम उघडतात, प्रत्येक घरात काहीतरी बंद असतं, मखराची रोषणाई वेगळी, आणि गावात इलेक्ट्रिशियन दोन किंवा तीन. त्यात त्यांचा स्वतःच्या घरी गणपती. त्या दिवसात जो येतो तो तात्पुरतं करून पुढच्या घरी पळतो, तुम्हाला डायरेक्ट करा म्हणणारा पण कदाचित घाईतच असेल, अर्थात त्याचं बोलणं चूकच. मोठं काम काढायचं असेल तर गौरी-गणपती होऊ द्या, दसऱ्यापर्यंत माणूस मोकळा होतो, पैशाचंही नीट बोलता येतं.

नागपूरचा नेलात तर तो दोन दिवसांत परत येणार. पुढच्या आषाढात रात्री पुन्हा पडलं तर सासूबाई कोणाला हाक मारणार? ज्याने काम केलं नाही तो दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही, लावला तर पहिलं वाक्य हेच की हे कोणी केलंय.

माणूस शोधताना फोनवरच विचारा, परवाना आहे का, मेगर आहे का, आरसीसीबी पडतो तर तुम्ही काय कराल. तिसऱ्याचं उत्तर "काढून टाकू" आलं की पुढे जा. मालवणात नाही मिळाला तर कुडाळ, कणकवलीकडे बघा, एमआयडीसीत काम केलेले लोक आहेत. हॉटेल आणि होमस्टेवाल्यांना विचारा, त्यांचे गीझर, एसी बारा महिने चालू असतात आणि पाहुणा वैतागलेला त्यांना परवडत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे धड माणसाचा नंबर असतो. मजुरी पॉइंटमागे ठरवायची की पूर्ण कामाची ते आधी बोला, मटेरियल स्वतः आणा, बिल आपल्या नावाने घ्या. आगाऊ थोडे द्या, सगळे नाही.

पाली आणि मुंग्यांचं कोणी बोललं नाही अजून. बोर्डात पाल अडकून मेली तरी आरसीसीबी पडतो, मुंग्या तर सॉकेटमध्ये माती भरतात. वापरात नसलेलं प्रत्येक भोक बंद करून घ्या.

बाप्या_बजाजनगर

पटलं भाऊ, शेवटचं बोलणं तर एकदम पटलं. हे कोणी केलंय 😂 आमच्याकडं प्लंबर पण तेच म्हणते.

निवृत्त_अभियंता_धरमपेठ

वीजखात्यात हयात गेली, सेवानिवृत्त आहे. वरच्या दोघांनी तांत्रिक बाजू चांगली मांडली, काही राहिलेलं जोडतो.

मीटरपर्यंतचं काम महावितरणचं, मीटरनंतरचं ग्राहकाचं. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर माडाच्या झावळ्यांना घासत असेल, दिवे मधेच मंद-प्रखर होत असतील तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा, घरच्या इलेक्ट्रिशियनला खांबावर चढवू नये. दिवे एकाएकी खूप प्रखर झाले तर न्यूट्रल सुटल्याचं ते लक्षण असू शकतं, अशा वेळी मेन स्विच लगेच बंद करावा, तक्रार नंतर. मीटरनंतरचं कामही नियमाने परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं, आणि काम पूर्ण झाल्यावर त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागून घ्यावा. लोक फक्त नवीन कनेक्शनच्या वेळी तो घेतात, तोही न तपासता सही केलेला.

अर्थिंगबद्दल कोणी विचारलं नाही याचं आश्चर्य वाटलं. चिऱ्याचा कातळ असेल तिथे जमिनीचा रोध बराच जास्त असतो, दोन फूट खड्डा करून पाइप पुरला की झालं असं नाही. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोडते म्हणून खड्ड्यात पाणी ओततात, तिकडे प्रश्न उलटा, पाणी आहे पण पाइपच गंजून जातो. जीआय पाइपभोवती मीठ-कोळसा भरायची जुनी पद्धत आहे, त्यातलं मीठच पाइप खातं. तांब्याचं आवरण असलेला रॉड आणि बेंटोनाइटची माती घ्या, खर्च थोडा जास्त पण पुन्हा खणावं लागत नाही.

आणि अर्थिंग तपासताना कोणी फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून "बघा पेटला, अर्थिंग झकास" म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तो बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट घेतो, अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तो झगझगीतच दिसेल. अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा मागा. शिवाय आरसीसीबी चालू असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडायला हवा. नाही पडला तर आरसीसीबी बिघडलाय नाहीतर अर्थिंगच नाही.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा टाकून जोडणं हा प्रकार आढळला तर ज्याने केलं त्याला पुन्हा घरात घेऊ नका. न्यूट्रल वरून तुटला तर फ्रीजच्या दरवाज्यावर २३० व्होल्ट येतात.

प्रतापनगरची_सून

अपडेट देते. शेजारच्या मुलाने दोन रात्री व्हिडिओ कॉलवर बघितलं. पडवीकडचं, आतल्या खोल्यांचं चालू ठेवलं तर काही होत नाही. मागच्या लाइनचा एमसीबी वर केला की थोड्या वेळात पडतो, मग तो खालीच ठेवून झोपले तर पहाटे तरीही पडला! तारतंत्री दादा तुम्ही म्हणालात तेच ना हे, न्यूट्रलचं? त्या लाइनवर न्हाणीघराचा दिवा, मागच्या दाराचा दिवा आणि विहिरीचा पंप आहे. पंप १६ अँपिअरच्या प्लगवर आहे.

तारतंत्री_विदर्भ

हो, न्यूट्रलचाच वास येतोय. मग डीबी न उघडता एक करा, मेन बंद करून पंपाचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. स्विच बंद करून चालणार नाही, स्विच फक्त फेज तोडतो, प्लग काढला की तिन्ही सुटतात. मग रात्री बघा. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे, आणि मुलाला म्हणावं डीबीचं झाकण उघडायचं नाही.

प्रतापनगरची_सून

प्लग काढल्यापासून एकदाही पडला नाही!! मागची लाइन चालू ठेवूनही नाही, आणि पाऊस तर धो धो चालू आहे. पंपाची केबल विहिरीच्या कठड्यापाशी जोडलेली आहे म्हणे, काळी टेप गुंडाळून. सासूबाई म्हणतात टेप मागच्या वर्षीच सुटली होती, "मीच दोरीन बांधलंय." आता हसू की रडू. मग पंप दुरुस्त झाला की काम संपलं का? आणि तोवर पाणी काढायला दिवसा थोडा वेळ प्लग लावला तर चालेल का?

तारतंत्री_विदर्भ

नाही, अजिबात लावू नका. शेजारच्या मुलाकडून कळशीने काढून घ्या नाहीतर शेजारून पाइप घ्या, पण तो जॉइंट दुरुस्त होईपर्यंत पंप बंद. आरसीसीबी आहे म्हणून आत्तापर्यंत निभावलं, ओल्या कठड्याला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या भरवशावर ठेवू नये.

दुरुस्ती म्हणजे टेप बदलणं नव्हे. मधला जॉइंटच नको, पंपापासून सॉकेटपर्यंत अखंड केबल घ्या, सबमर्सिबलची चपटी केबल असेल तर खाली पाण्यातला जॉइंट हीट श्रिंक नाहीतर रेझिनचा. केबल बदलून पण पडला तर मोटरचं वाइंडिंग मेगरने बघायला लावा.

दुसरं, सध्या तुमच्या घराला एकच आरसीसीबी आहे म्हणून पंप बिघडला की फ्रीजही बंद पडतो. मागची बाजू आणि पंप यांना वेगळा आरसीबीओ लावून घ्या, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र येतात आणि डबल पोल घेतला तर न्यूट्रलही तुटतो. मग पंपाने गडबड केली तर फक्त पंप जाईल, आजींना रात्री उठावं लागणार नाही. डीबी पण खाली घ्या, उभ्याने हात पोचेल इतका. आणि आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, दाबलं की पडला पाहिजे, खाऱ्या हवेत आतलं यंत्र अडकून बसतं कधीकधी.

नागपूरच्या इलेक्ट्रिशियनबद्दल, एवढ्या कामासाठी नेऊ नका असंच मी पण म्हणेन, माझाच धंदा असून.

कुडाळवाला_मिहान

केबल तिकडे मिळेल पण अखंड लांबीची पाहिजे तर विहिरीची खोली आणि अंतर आधी मोजून घ्या, गणपतीच्या आठवड्यात दुकानात तुकडेच उरतात. चतुर्थीला जाताय तर नागपूरहून आयएसआय मार्कची घेऊन गेलात तरी चालेल, ट्रेनमध्ये एक बंडल काही जड नाही. जॉइंटचं काम तासाभराचं आहे, त्या येतो येतो म्हणणाऱ्याला फक्त तेवढंच सांगा, तेवढ्यासाठी तो येईल. बाकी अर्थिंग, बॉक्स, डीबी दसऱ्याला.

आणि सगळ्यात खारा वारा लागतो ती बाजू कोणती ते सासूबाईंना विचारा, त्या बाजूच्या भिंतीवर बाहेरून एकही पॉइंट ठेवू नका.

मनीषनगर_फ्लॅट

धागा जरा भरकटवतो, माफ करा. आमचा फ्लॅट जुना आहे, बोर्डात नुसते एमसीबी, हे वाचून आरसीसीबी लावायचा म्हणतोय, घरी इन्व्हर्टर आहे आणि उन्हाळ्यात दोन कूलर. सरळ आणून लावला तर चालेल ना? इलेक्ट्रिशियन म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे.

तारतंत्री_विदर्भ

लावायला अर्धा तासच लागतो, लावल्यावर तो सारखा पडायला लागतो तेव्हा दिवस जातो. आधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनपासून वेगळा आहे का आणि दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत का ते बघायला सांगा, जुन्या फ्लॅटमध्ये हमखास मिसळलेले असतात. कूलरच्या सॉकेटला अर्थची तिसरी वायर खरंच आहे का ते उघडून बघा, नुसती तीन भोकं बघून समजू नका. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायची सवय मात्र आजपासूनच लावा, आरसीसीबी येवो न येवो. बाकीचं नवीन धाग्यात विचारा, डीबीचा फोटो टाका, झाकण उघडून नाही, बाहेरूनच.